अकरा मीटर

नखाएवढी खिडकी, तिच्यात पाच आकडे, पिवळ्यावर काळे, आणि शेवटचा आकडा नऊ आणि शून्य यांच्या मधोमध अडकलेला – वर नऊची शेपटी, खाली शून्याची टोपी. मोजायच्या चाकाच्या दांड्यावरची ती खिडकी तिने अंगठ्याने पुसली, पुन्हा पुसली, मग शेजारचा खटका दाबला, पाचही आकडे शून्यावर आले आणि तिच्या लक्षात आलं की आपण चांगली पाच मिनिटं वसाहतीच्या फाटकात नुसत्याच उभ्या आहोत. सकाळचे साडेनऊ. ऊन अजून सोसण्याजोगं. आत जाणारा रस्ता दिसत होता तेवढा सरळ होता, जुनं डांबर उखडलेलं, खडी वर आलेली, आणि पुढे तो डावीकडे वळून दिसेनासा होत होता. त्या वळणापलीकडे, शेवटून दुसरं घर. त्या घराचं फाटक शेवटच्या भिंतीपासून किती मीटरवर आहे, खरं म्हणजे एवढंच तिला मोजायचं होतं. बाकीचं मोजणं ही नोकरी.

तीन आठवड्यांपूर्वी ते पत्र तिच्या टेबलावर आलं. वसाहतीचा रस्ता नव्याने डांबरी करायचा आहे, किती माल लागेल ते प्रत्यक्ष पाहून ठरवावे – आणि खाली सही. सचिव. सही तिने नाव वाचायच्या आधी ओळखली. अक्षरांखालून मागे ओढत आणलेली ती रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं, सहीलाही पहारेकरी हवेत अशा थाटात. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गंमत म्हणजे तिला बरं वाटलं. बावीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. साहेब – हो, अजून ती मनातसुद्धा साहेबच म्हणते, सवय मेली – ह्याच कंपनीतले तेव्हाचे मोठे इंजिनिअर, निवृत्त होऊन आता दहा-बारा वर्षं झालेली, आणि ती त्यांच्या हाताखाली नवी लागलेली, चोवीस वर्षांची, रोलरवाल्याची मुलगी. आज ती मालाचे अंदाज काढणाऱ्या विभागाची मुख्य आहे. तिचा आकडा कुणी तपासत नाही. बावीस वर्षांत तिने सांगितलेला माल आणि रस्त्यावर लागलेला माल यांत अर्ध्या ट्रकाचा फरक पडलेला नाही, आणि तरीही ऑफिसात, डांबराच्या प्लांटवर, ट्रकवाल्यांत, परवा लागलेल्या रिसेप्शनवरच्या मुलीच्या तोंडीसुद्धा तिचं नाव एकच आहे. तीस मीटर.

तोंडावर नाही म्हणत. तोंडावर ताई. पाठ वळली की – तीस मीटर जेवायला गेल्या, तीस मीटरना विचारा, आज तीस मीटरचा पारा चढलाय. नव्या माणसाला कुणीतरी कोपऱ्यात घेऊन गोष्ट सांगतं, आणि दुसऱ्या दिवशी तो नवा माणूस तिच्याकडे जरा जास्तच अदबीने बघतो. त्यावरून तिला कळतं, सांगून झालं.

गोष्ट साधी आहे. बायकांचा दवाखाना, त्याच्या मागच्या अंगाने प्रसूतीच्या दारापर्यंत जाणारा रस्ता, सात मीटर रुंद, मध्ये दोन वळणं. माप तिने घेतलं, किती टन माल लागेल ते तिने काढलं. साहेबांनी कागद हातात घेतला, तिच्याकडे न बघता लाल पेनाने सोळा टन कमी केले, म्हणजे अख्खा एक ट्रक, आणि म्हणाले, "नवी माणसं घाबरून जास्त धरतात." टाइप होऊन आलेल्या कागदावर तिने सही केली, मोठ्या साहेबांनी बदललेल्या आकड्यावर चोवीस वर्षांची पोर काय बोलणार होती, कप्पाळ? काम झालं त्या दिवशी माल संपला तेव्हा दवाखान्याचं दार तीस मीटर लांब होतं. दुसऱ्या दिवसापासून प्लांट दुरुस्तीला बंद. चार महिने बाळंतिणी त्या तीस मीटर खडीवरून आदळत-आपटत गेल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, चौकशी बसली, आणि लाल पेनाचा कागद कुणालाच सापडला नाही. सापडला तो टाइप केलेला, तिच्या सहीचा. साहेबांनी आवाजही चढवला नाही. "पोरीने माप कमी घेतलं. चूक माझीच, मी विश्वास ठेवला." एवढ्या साळसूदपणे कुणी कुणाच्या डोक्यावर खापर फोडलेलं तिने आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. लोकांना तर त्यात साहेबांचं मोठं मनच दिसलं.

नोकरी सोडली असतीस, असं धाकटी बहीण अजून म्हणते. सोडून जाणार कुठे? जिथे गेले असते तिथे तीस मीटर माझ्या आधी पोचले असते. आणि बाबा त्याच कंपनीत होते ना… रोलरवर. बाबांना कॅन्टीनमध्ये विचारायचे, "काका, चहा पूर्ण देऊ का तीस मीटर कमी?" बाबा हसायचे. पुढे ते कॅन्टीनला जायचेच बंद झाले, डबा घेऊन रोलरच्या पायरीवर बसायचे, एकटे, इंजिन बंद करून, निवृत्त होईपर्यंत सात वर्षं. हे साहेबांनी कधी पाहिलं असेल का? पाहिलं असेल तर घास कसा उतरला त्यांच्या घशाखाली?

तर शनिवारी काम. पेव्हर, म्हणजे डांबर अंथरायची मशीन, ह्या फाटकापासून सुरू होणार आणि वळण घेऊन शेवटच्या भिंतीकडे जाणार. माल कमी पडला तर तो शेवटालाच कमी पडतो. आणि रविवारपासून प्लांट बंद, माल तापवायचा जुना ड्रम काढून नवा बसवायचाय, अडीच महिने. असा योग मी नवस बोलून मागितला असता तरी जुळला नसता. तीस मीटर. बरोबर तीस, एक कमी नाही, एक जास्त नाही, आणि मग बसा म्हणावं आपल्या दारातल्या खडीकडे बघत, रोज सकाळी, चहाचा कप हातात घेऊन… तिने चाक पुढे ढकललं. खटक, खटक, खटक, दर मीटरला एक. अंगात एक हुशारी आली होती.

एक गोष्ट मात्र तिला टोचत होती, आणि ती टोचणी तिने तीन आठवडे अशीच बाजूला सारली होती. माल कमी पडला की गोष्ट पुन्हा सांगितली जाणार. बघा, म्हणणार, बाईंनी परत केलं, रक्तातच आहे. बावीस वर्षं एकेक टन जपून जे तिने सिद्ध केलं होतं ते एका शनिवारात गेलं. त्यांनी जे खोटं माझ्यावर लादलं ते मी स्वतःच्या हाताने खरं करणार, असंच ना? असंच. होऊ दे. निदान ह्या वेळी ते माझ्या मर्जीने होईल. असं म्हणून ती चालत राहिली, आणि तिला आपला आवाज मोठ्याने आल्यासारखं वाटलं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. एका गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, बाकी कुणी नव्हतं.

वळण आलं. बाहेरच्या कडेला गाड्या ओळीने लावलेल्या, आतल्या कडेला कुंपण. ती रस्त्याच्या मधोमध चाक धरून चालत राहिली, मागून आलेल्या स्कूटरने हॉर्न वाजवला तरी सरकली नाही. वळण संपलं तेव्हा समोर, शेवटून दुसऱ्या घराच्या फाटकात, ते उभे होते.

म्हातारे झाले होते, पण वयाने होतील तितकेच. पाठ ताठ. बाही दुमडलेला पांढरा सदरा, पायात घरातल्या सपाता, आणि डोळ्यांवर हात धरून बघायची तीच ढब, साइटवर सगळ्यांना घाम फोडणारी. तिने ठरवलं होतं की ओळख द्यायची नाही. ओळखायचे कुठले, तिला वाटत होतं. ज्याने लाथ मारली त्याला कुठे आठवते.

"अरे, ही तर आपली तीस मीटर," साहेब म्हणाले.

प्रेमाने म्हणाले. लाडाने म्हटल्यासारखं. आतून त्यांची बायको पदराला हात पुसत आली, पाणी घेऊन, आणि तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "अहो, हीच का ती? यांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय गं तुझं. बस ना सावलीत." म्हणजे ह्या घरात मी गोष्ट आहे. पाहुणे आले की सांगायची. जेवणानंतर, सुपारीच्या जागी… ती पाणी प्यायली. नको म्हणायचं तिच्या मनात होतं, पण तहान खरी होती आणि बाई चांगली दिसत होती.

"हिने एकदा मला तोंडघशी पाडलं होतं," साहेब बायकोला सांगत होते, "पण मी सांभाळून घेतलं. आता बघ, विभागाची मुख्य आहे. आणि वळणावर मधून चाललीस, मी बघत होतो. शिकलीस तू. तेव्हा दवाखान्याला आतल्या कडेकडेने गेली होतीस, दोन्ही वळणांना."

"मी नव्हते गेले आतल्या कडेने."

"गेली होतीस. बाहेरच्या बाजूला ती रुग्णवाहिकांची रांग होती ना, तू आपली आतून. मी वर होतो, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, दवाखान्याच्या मोठ्या बाईंकडे चहा घेत. म्हटलं, आता कमी भरणार हिचं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून कुणी शिकतं का?" ते हसले. दात अजून सगळे स्वतःचे. "चटका बसला की माणूस शिकतं. शिकलीस की नाही?"

तिने ग्लास कठड्यावर ठेवला. आता विचारायचंच. "आणि तो ट्रक, साहेब? लाल पेनाने कापलेला?"

"कुठला ट्रक?" साहेब म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. तिला माणसाचं खोटं ओळखता येतं, ठेकेदारांशी बोलण्यात उभं आयुष्य गेलंय; त्यांच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, स्वच्छ, कुणीतरी भलत्याच माणसाची चौकशी करावी तसा. त्यांना आठवत नव्हतं. मी ज्या ट्रकाच्या चाकाखाली बावीस वर्षं आहे तो ट्रक त्यांच्या डोक्यातून कधीच निघून गेला होता.

पुढचे चोवीस मीटर ती कशी चालली ते तिला नंतर आठवेना. चोवीस – हे मात्र चाकाने नोंदलं. त्यांच्या फाटकापासून शेवटच्या भिंतीपर्यंत चोवीस. शेवटच्या घरासमोर एक शाळेची व्हॅन उभी होती आणि व्हॅनखालून दोन पाय बाहेर आलेले, बायकी पाय, एका अंगठ्याला पट्टी.

"रस्तेवाल्या का तुम्ही?" पायांनी विचारलं. "सायलेन्सर तिसऱ्यांदा गेला हो. मागच्या खेपेला तुमचं डांबर साहेबांच्या घरापर्यंत आलं आणि संपलं. शेवटचं घर म्हणजे काय, उरलंसुरलं मिळालं तर मिळालं. ह्या वेळी येणार ना इथपर्यंत?"

"बघते," ती म्हणाली.

"बघते म्हणजे नाहीच आलं म्हणायचं," पाय म्हणाले, आणि आतून पान्याचा ठोका ऐकू आला.

ऑफिसात परत येईपर्यंत दोन वाजले. खिडकीजवळचं टेबल, पंखा, मागच्या भिंतीला रस्त्यांचे नकाशे, समोर कोरा कागद. तिने हात धुतले, डबा उघडला आणि तसाच मिटला. लांबी तीनशे बारा मीटर, रुंदी पाच, दाबून झाल्यावरची जाडी चाळीस मिलिमीटर. रोलर फिरला की माल दबतो. मऊ असताना दिसते ती जाडी खरी मानणारा फसतो, हे बाबांनी ती नोकरीला लागायच्याही आधी शिकवलं होतं, वहीवर तळहात दाबून. घनमीटरला दोन पूर्णांक चार टन. एकशे पन्नास टन, आणि सांडलवंड धरून एकशे पंचावन्न. हा खरा आकडा. त्यातून तीस मीटरचा माल वजा केला की एकशे चाळीस. पाचच्या आत ह्यातला एक आकडा प्लांटला कळवायचा. प्लांट तो आकडा मशीनला देतं, ट्रकांची नेमणूक करतं, आणि मग ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

एकशे चाळीस, तिने लिहिलं. पेन्सिलीने.

आणि मग, कशासाठी कोण जाणे, तिने खालचा खण उघडला. खणात, कुलूपबंद डब्यात, तिची कार्बन कॉपी होती, दवाखान्याच्या रस्त्याची, लाल पेन लागायच्या आधीची. माझा पुरावा. चौकशीत कुणी मागितला नाही, मी दाखवायला गेले तेव्हा वेळ संपली होती, पण होता. ह्या कागदाची घडी उघडून तिने इतक्या वेळा खालची बेरीज वाचली होती की घडीवर कागद फाटला होता आणि तिने मागून पट्टी लावली होती. बेरीजच वाचायची. वरचं चित्र कधी बघितलं नव्हतं. कशाला बघायचं, स्वतःच तर काढलं होतं. आज बघितलं. निळट, फिकट, रस्त्याच्या दोन कडा, दोन वळणं, आणि मधून आपण चाक घेऊन कुठून गेलो ते दाखवणारी ठिपक्यांची रेघ – नव्या माणसाने काढायचीच असते ती, तिनेही मन लावून काढली होती – पहिल्या वळणाला आतल्या कडेला चिकटलेली. दुसऱ्या वळणालाही.

तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. पंखा फिरत होता.

आतली कड छोटी असते. शेंबड्या पोराला कळेल. वळणाला मधून मोजायचं, नाहीतर लांबी कमी भरते. सात मीटर रुंद रस्ता, काटकोनातलं एक वळण, साडेपाच मीटर कमी. दोन वळणं, अकरा. पेन्सिल आपोआप चालली. अकरा मीटर. आणि साहेबांनी कापलेला ट्रक, सोळा टन, त्या रस्त्यावर एकोणीस मीटरचा. एकोणीस आणि अकरा, तीस. इतकं चोख बसलं की तिला हसू आलं, वाईट हसू. कारण हे एकोणीस तिला नवं नव्हतं. सोळा टनात एकोणीस मीटर होतात हे काय तिला माहीत नव्हतं? पहिल्याच महिन्यात तिने करून बघितलं होतं आणि उरलेल्या अकराला एक जागा शोधून दिली होती – मशीनवाल्याने सुरुवातीला जाड अंथरलं असणार, साहेबच मागे उभे राहून जाड घाल म्हणाले असणार. असणार! कुणी पाहिलं? तिने ते पुढे कधी तपासलं नाही. दुसऱ्यांचे आकडे चाळणीतून काढणारी मी, स्वतःच्या रागाचा हिशेब एकदाही पुन्हा करून बघितला नाही.

बाबांनी विचारलं होतं. चौकशी झाल्याच्या आठवड्यात, घरी, ती भांडी घासत होती आणि बाबा मोरीच्या दारात उभे राहिले, इंजिनाच्या तेलाचा वास घेऊन. "वळणं मधून मोजलीस ना गं?" एवढंच. आणि मी ताडकन म्हणाले, मोजली, मोजली मधून, तुम्हालापण माझंच खोटं वाटतं का? बाबा म्हणाले, "बरं." पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्या प्रश्नाचा राग मी बाबांवर किती वर्षं धरला होता… जगाने मारलं तर मारलं, बापानेही शंका घ्यावी. आणि ते त्या रस्त्यावर रोलर चालवत होते, सबंध दिवस, त्या दोन्ही वळणांवर पुढे-मागे, पुढे-मागे, त्यांना माझ्या कागदाची गरजच नव्हती. रोलरवाल्याला वळण किती खातं ते माहीत असतं. त्यांना माहीत होतं, गं. म्हणून रोलरच्या पायरीवर बसून जेवत होते का? लोकांच्या थट्टेने नाही, तर माझ्यासाठी खोटं बोलायला लागू नये म्हणून? कुणी कॅन्टीनमध्ये सरळ विचारलं असतं – काका, खरं सांगा – तर बाबांना खोटं बोलता आलं नसतं. आता विचारायला ते नाहीत. नऊ वर्षं झाली.

डोळे पुसून तिने पेन्सिल पुन्हा उचलली, कारण साडेतीन वाजले होते. आणि राग गेला नव्हता, छे, राग कुठला जातो. तो फक्त नीट मोजून घ्यायला हवा होता. माझे अकरा मला. त्यांचे एकोणीस त्यांना. न्यायाने करायचं तर न्यायाने करू. एकोणीस मीटरचा माल कमी करायचा, म्हणजे एकशे सेहेचाळीस टन. तिने तो आकडा एकशे चाळीसच्या खाली लिहिला, आणि लिहिता लिहिताच तिचा हात थांबला. त्यांचं फाटक भिंतीपासून चोवीस मीटरवर. एकोणीस मीटर कमी पडलं तर डांबर त्यांच्या दारावरून पाच मीटर पुढे जाऊन थांबेल. काळं, गुळगुळीत, त्यांच्या सपातांपर्यंत आलेलं. आणि खडी राहील त्या व्हॅनवालीच्या दारात. मागच्या खेपेसारखीच.

म्हणजे न्याय केला तर त्यांचं काही जात नाही! त्यांच्या दारात खडी ठेवायची असेल तर माझे अकरा त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवेत. जसे मी बावीस वर्षं मांडले.

पण मग – थांब, थांब – ते बघत होते ना? खिडकीत, चहाचा कप घेऊन. कमी भरणार हिचं, हे माहीत असून वर आणखी एक ट्रक कापणारा माणूस. कमी आहे हे माहीत, आणि तरी म्हणाले, जास्त धरलंस. की तोपर्यंत विसरले होते? लाल पेन चालवताना खिडकीतलं आठवलंच नसेल? जो माणूस ट्रक विसरतो तो वळणही विसरू शकतो. आणि मग आज बरं आठवलं, वळण तेवढं आठवलं, ट्रक तेवढा नाही… चूक करणारी मी. ती होताना बघून गप्प बसणारे ते. मग अकरा कुणाचे? निम्मे-निम्मे केले तर साडेपाच, एकोणीस आणि साडेपाच साडेचोवीस, फाटक चोवीसवर. अर्ध्या मीटरने त्यांचं दार डांबराविना राहतं. तिने ते लिहिलं, मग आपण काय लिहितो आहोत ते तिला दिसलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली, शेजारच्या घरात वाटण्यांवरून भांडणाऱ्या माणसांची येते तशी. ह्या प्रत्येक आकड्यात त्या व्हॅनवालीचं दार खडीवरच राहत होतं. तिचा कुणी हिशेबच धरला नव्हता, ना साहेबांनी, ना मी.

फोन वाजला. प्लांटवाला. गेली चौदा वर्षं हा माणूस आणि ती रोज बोलतात, आणि समोरासमोर भेटलेत फार तर दहा वेळा.

"ताई, पाचला पाच कमी आहेत. वसाहतीचा आकडा सांगताय ना, म्हणजे मशीनला देतो."

"थांबा जरा."

"थांबतो की. तुमचा आकडा म्हणजे मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही." तो चहा फुंकत होता, फोनमधून ऐकू येत होतं.

कागदावर एकशे पंचावन्न होतं, एकशे चाळीस होतं, एकशे सेहेचाळीस होतं, आणि एका कोपऱ्यात तो लाजिरवाणा साडेचोवीस.

"अकरा माझे होते," ती म्हणाली.

"किती? अकरा म्हणालात, ताई?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं, आणि ते ऐकणारा होता प्लांटवाला, ज्याला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. बहिणीला सांगितलं तर ती म्हणेल, जाऊ दे गं, इतकी वर्षं झाली. मशीनवाला गेला, बाबा गेले. तिला एकदम कुणालातरी विचारावंसं वाटत होतं, अगदी पोटतिडकीने, की खरंच रुग्णवाहिका होत्या का ओळीने, मधून जायला चाकापुरतीसुद्धा जागा नव्हती का, मी त्या वळणाला क्षणभर तरी थांबले होते का, मला तेव्हा कळलं होतं का. बरं वाटावं म्हणून नाही. नुसतं कळावं म्हणून. आणि ती चोवीस वर्षांची पोर चाक घेऊन आतल्या कडेने जाताना ज्याने पाहिली होती असा माणूस आता जगात एकच उरला होता, आणि त्याच्या दारात डांबर न्यायचं की नाही हे तिला पाचच्या आत सांगायचं होतं.